तीस यार्डांवरची ताटली

९ ऑगस्ट, बुधवार

आज सासऱ्यांनी मला त्यांचं धनुष्य दिलं. दिलं म्हणजे काय, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, "इथे ठेवलंय" म्हणाले, आणि बाहेर जाऊन मुस्तीशी बोलत बसले. मुस्ती आमचा कुत्रा. सासरे, तौनो अहोला, माणसांपेक्षा त्याच्याशी जास्त बोलतात. मला या घरात येऊन एकोणीस वर्षं झाली, माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात लांब भाषण बहुतेक हेच.

म्हणून ही वही काढली. मनात इतकं काही चाललंय आणि या घरात बोलायला कोणी नाही. रेनो लाकडाचा ट्रक चालवून येतो तो जेवतो आणि खुर्चीतच घोरतो. नवरा म्हणून चांगला आहे, श्रोता म्हणून शून्य.

तर झालं असं. ईस्टरच्या जेवणाला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "यंदा मी ताटली मारणार." माझा दीर वर्नर म्हणाला, "वहिनी, मारणार की घासणार?" आणि सगळे पोट धरून हसले. मीपण हसले, पण आतून पेटले.

अहोलांचा नियम आहे, सासऱ्यांनीच घातलेला. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी तीस यार्डांवर पत्र्याची ताटली लावायची. पाच बाण, पाचही ताटलीत. ज्याचे बसतील तो ऑक्टोबरात धनुष्य घेऊन जंगलात शिकारीला जाणार. ज्याने ताटली मारली नाही त्याने कॅम्पवर राहून चूल सांभाळायची. कोणे एके काळी कोणाच्या तरी कच्च्या नेमामुळे एक हरीण जखमी होऊन दोन दिवस जंगलात तडफडत फिरलं, तेव्हापासून हे सुरू झालं. नियम चांगलाच आहे. फक्त सासूबाई गेल्यापासून प्रत्येक ऑक्टोबरात ती चूल माझी आहे. मला एकदा तरी त्या देवदारांमधल्या मचाणावर एकटीने बसायचंय. पॅनकेक न उलटता उजाडताना बघायचंय. बस, एवढंच.

मार्चमध्ये सासऱ्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलंय की कॉफीच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही, पुन्हा दुखावला तर हात कायमचा खाली. शर्टाची बटणंसुद्धा रेनो लावून देतो. तेव्हा यंदा ते काही धनुष्य उचलणार नाहीत. म्हणून मला दिलं असेल. आवडून नाही दिलेलं, चेहऱ्यावरून कळत होतं.

१२ ऑगस्ट, शनिवार

हँकॉक गावात धनुष्यवाल्याच्या दुकानात गेले. त्याने आधी धनुष्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा धनुष्याकडे. "हे तौनोचं," म्हणाला, जसं काही मी चोरून आणलंय.

पण काम मन लावून केलं. दोन्ही टोकांचे बोल्ट फिरवून ताण साठ पौंडांवरून पंचेचाळीसवर आणला. टोकांना दोरी फिरायला चाकं असतात, त्यांवरची खाच बदलून ओढ माझ्या हाताएवढी आखूड केली. दोरीमध्ये एक बारीक भोकाची चकती असते, त्यातून बघायचं असतं. ती माझ्या डोळ्यासमोर येईल अशी बांधून दिली. आता राहिली साइट. धनुष्याच्या मुठीच्या वर एक चौकट, त्यात पितळी पिना. चकतीतून बघायचं, पिनेचं टोक निशाणावर ठेवायचं आणि सोडायचं. पिन कुठे हवी ते ज्याचं त्याने मारून मारून ठरवायचं.

"बाण जिकडे पळेल, पिन तिकडेच न्यायची," तो म्हणाला.

"डावीकडे गेला तर पिन डावीकडे?"

"डावीकडे."

"मग तो आणखीन डावीकडे नाही का जाणार?"

तो नुसता हसला. मला लोकांचं असं हसणं अजिबात सहन होत नाही. गाडीत बसून अर्धा तास विचार केला, हातातल्या चमच्याला पिन समजून. आणि मग एकदम उजेड पडला! पिन डावीकडे गेली की तिला पुन्हा निशाणावर आणायला अख्खं धनुष्य उजवीकडे वळवावं लागतं. म्हणजे बाण उजवीकडे. पिन हलवायची ती धनुष्याला फसवायला. मी गाडीत एकटीच "अस्सं होय!" असं ओरडले. शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर केली.

२० ऑगस्ट, रविवार

आठवडाभर टपाल वाटून घरी आले की तीन वाजल्यापासून परसात गवताच्या गठ्ठ्यांपुढे उभी. दहा यार्ड, मग वीस, आज तीस. बाण खाली गेले की पिन खाली, उजवीकडे गेले की उजवीकडे. नट सैल करायचा, केसभर सरकवायची, नट आवळायचा, पुन्हा मारायचे. हे काम मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येक बाण म्हणजे एक प्रश्न, आणि गवत लगेच उत्तर देतं.

आज संध्याकाळी तीन बाण मुठीएवढ्या जागेत, अगदी मधोमध! मी नाचले. चौकटीवर पिनेच्या शेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे जागा पक्की. धनुष्य सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, पडवीत खुंटीला टांगलं.

कॉफीच्या वेळी सासरे म्हणाले, "कुठे गेले?"

"मधोमध."

"हं."

२२ ऑगस्ट, मंगळवार

आज सगळे बाण खाली आणि उजवीकडे. वीतभर! पिन बघितली तर लाल ठिपक्यापासून सरकलेली, वर आणि डावीकडे. नट मात्र आवळलेला. मी पुन्हा ठिपक्यावर आणली, पुन्हा मधोमध. परवा नट नीट आवळला नसेल मी. स्वतःला चार शिव्या घातल्या.

कॉफीला सासरे, "कुठे गेले?"

"खाली. उजवीकडे. पण मी पिन लावली परत."

"हं." मग कप खाली ठेवत, "स्क्रू कमी फिरवावा."

घ्या! एकोणीस वर्षांत पहिला सल्ला दिला तो टोमणाच.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

पुन्हा तेच. खाली, उजवीकडे.

आता मला राग नाही येत, कुतूहल वाटायला लागलंय. थंडीमुळे होत असेल का? हल्ली पहाटे सुपीरियर सरोवरावरून गार वारा येतो, दुपारी ऊन. धातू आक्रसतो आणि फुगतो. मी पडवीत थर्मामीटर टांगलं. रेनो म्हणाला, "धनुष्याला ताप आलाय का?" दुर्लक्ष केलं.

सासऱ्यांची मान आखडलीय. उशी बदलून दिली.

३० ऑगस्ट, बुधवार

थंडी नाही. दोन दिवस धनुष्य घरात, आमच्या झोपायच्या खोलीत ठेवलं, तेव्हा पिन जागची हलली नाही. काल पुन्हा पडवीत टांगलं आणि आज हलली. पण घरात जेवढी थंडी तेवढीच दिवसा पडवीत असते, थर्मामीटर खोटं बोलत नाही. मग पडवीतच काय आहे? सौनाची वाफ? पण सौना शनिवारी तापतो.

घरातच ठेवलं असतं, पण सासरे म्हणाले, "धनुष्य पडवीत असतं." त्यांच्या बापजाद्यांपासूनची खुंटी असेल. वाद नको म्हणून परत टांगलं.

एक गंमत लक्षात आली. पिन दर वेळी सरकते ती एकाच जागी जाते. आज त्या जागेला मी गुलाबी ठिपका दिला. लाल ठिपका माझा, गुलाबी ठिपका भुताचा. स्क्रू ढिला असता तर पिन कुठेही गेली असती. ही मात्र दर वेळी घरी गेल्यासारखी तिथेच जाते. याचा अर्थ आत कुठेतरी जुनी खाच पडलीय आणि पिन घरंगळून तिथे बसते. शोध लावल्यासारखं वाटतंय.

२ सप्टेंबर, शनिवार

दुकानवाल्याला खाचेबद्दल सांगितलं. त्याने पिन काढली, भिंगाखाली धरली. खाच नाही. "घरात उंदीर आहेत का?" म्हणाला. आचरट! पण स्क्रूवर लावायचा निळा डिंक दिला. हा सुकला की नट आपोआप हलूच शकत नाही, किल्लीने जोर लावून तोडावाच लागतो.

घरी आले तर सगळ्या घराला मलमाचा वास. सासऱ्यांचा खांदा ठणकतोय. "हवा बदलतेय," म्हणाले. डॉक्टरकडे चला म्हटलं तर उठून मुस्तीला घेऊन निघून गेले. मुस्तीपण हल्ली विचित्र वागतो, सकाळी गवताच्या गठ्ठ्यांपाशी जाऊन बसतो, काहीतरी फेकलं जाण्याची वाट बघत असल्यासारखा.

८ सप्टेंबर, शुक्रवार

डिंक तुटलेला आहे.

डिंक तुटलेला आहे! नटाभोवती निळा चुरा, पिन गुलाबी ठिपक्यावर. म्हणजे कोणीतरी किल्ली लावून फिरवलीय. हाताने. मुद्दाम.

मी पडवीत फळीवर बसून राहिले. अडीच आठवडे मी हवेला, धातूला, वाफेला दोष देत होते. हवेला हात नसतात. कोणाला वाटतंय की मी ताटली मारू नये? तीस तारखेला, बुधवारी, वर्नर करवत न्यायला आला होता. आज सकाळी परत द्यायला आला. दोन्ही वेळा मी टपालावर होते. दोन्ही दिवशी पिन हलली.

मारणार की घासणार, नाही का?

१० सप्टेंबर, रविवार

ताटं अजून तशीच पडलीत, आधी हे लिहिते.

वर्नर आणि त्याची बायको जेवायला आले होते. मी पास्टी, म्हणजे मांसाच्या करंज्या, वाढल्या आणि ठरवलं होतं की गोड झाल्यावर बोलायचं, पण वर्नरने नेहमीप्रमाणे सुरू केलं. "काय वहिनी, बाण गवतात लागतात की शेजारच्या गाईला?"

"गवतातच लागतील," मी म्हटलं, "तुम्ही माझ्या साइटला हात लावायचं थांबवलंत तर."

"काय?"

"त्या बुधवारी आणि परवा शुक्रवारी. करवतीच्या निमित्ताने. मला सगळं माहीत आहे."

रेनो म्हणाला, "हेल्वी, पुरे." मी थांबले नाही. मी म्हटलं की बाईमाणूस मचाणावर बसली तर तुमची मिशी गळून पडणार आहे का. आणि आणखी बरंच काही, ते इथे लिहीत नाही.

वर्नरने काटा खाली ठेवला. "वहिनी, मी तोंडाने वाट्टेल ते बोलतो. हाताने असलं कधी केलं नाही." मग बायकोला म्हणाला, "चल." पास्टी अर्धी राहिली.

सासरे कॉफी पीत राहिले. आपल्याच मुलाला सुनेने ताटावरून उठवलं आणि हा माणूस कपात बघतोय. मग उठले आणि जाऊन सौना पेटवला. रविवारी! मला समजतच नाही हे घर.

आणि तरी मला वाटतंय की वर्नरच आहे. दुसरं कोण असणार?

१२ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी घरी आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर घडी घातलेला रुमाल, त्यावर नटाची छोटी किल्ली. सासरे खिडकीपाशी बसले होते, उजवा हात मांडीवर नुसता टाकून दिल्यासारखा.

"वर्नर नव्हता," म्हणाले.

मला समजायला किती वेळ लागला कोण जाणे. मी किल्लीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. मग सगळं एकदम. मान. मलम. मुस्ती!

"तुम्ही ओढलंत ते धनुष्य? त्या खांद्याने?"

"पंचेचाळीस पौंड. खेळणं आहे."

"रोज?"

"खांदा ऐकेल त्या सकाळी. दोन-तीन बाण. साइट बघायला."

मी इतकी ओरडले की मुस्ती टेबलाखाली गेला. डॉक्टर काय म्हणाले, हात कायमचा गेला तर कोण बघणार, आणि मी सगळ्यांदेखत वर्नरला काय काय बोलले, आणि तुम्ही तिथे बसून कॉफी पीत होतात! ते ऐकत राहिले. माझा दम संपल्यावर म्हणाले, "तू लावलेली साइट चुकीची होती. वर आणि डावीकडे मारत होती. मला वाटलं तू स्क्रू जास्त फिरवतेस. म्हणून जागेवर आणून ठेवायचो."

"जागेवर? कोणाच्या जागेवर?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. आणि तेव्हा मला कळलं. कॅम्पवरच्या सगळ्या बंदुकांच्या साइट सासरेच लावतात. नोव्हेंबरातल्या बंदुकीच्या शिकारीआधी प्रत्येकाची बंदूक घेतात, मारून बघतात, नीट करून परत देतात, आणि ती ज्याची त्याला बरोबर चालते. चाळीस वर्षं कोणाची तक्रार नाही. धनुष्य मात्र त्यांनी आयुष्यभर स्वतःचं एकच मारलं. त्याला दुसऱ्या कोणी हात लावला नाही, त्यांनी दुसऱ्याच्या धनुष्याला हात लावला नाही. मग कळणार कसं?

त्यांना बाहेर घेऊन गेले. साइट लाल ठिपक्यावर आणली आणि म्हटलं, फक्त बघा. तीन बाण, तिन्ही मधोमध. त्यांनी गठ्ठ्यापर्यंत जाऊन बाणांना बोट लावून बघितलं. परत आले. मी पुन्हा दोरी ओढली आणि तशीच धरली. ते माझ्या चेहऱ्याजवळ वाकून बघत राहिले, घड्याळजी बघतो तसे.

"तुझा हात ओठाच्या कोपऱ्यावर आहे," म्हणाले.

"तुमचा?"

त्यांनी डावा हात जबड्याखाली लावून दाखवला. म्हणजे त्यांच्या बाणाचं मागचं टोक माझ्यापेक्षा दोन बोटं खाली. मागचं टोक खाली म्हणजे पुढचं टोक वर. शिवाय रुंद जबड्यामुळे त्यांचा हात जरा उजवीकडे राहतो, म्हणजे बाण डावीकडे. म्हणून माझ्या पिनेने त्यांचे बाण वर जात होते, आणि त्यांच्या पिनेने माझे खाली! त्याच धनुष्याची, त्याच साइटची दोन खरी उत्तरं आहेत. आम्ही दोघंही बरोबर होतो आणि रोज एकमेकांना दुरुस्त करत होतो. मला हसू यायला लागलं, थांबेना.

ते हसले नाहीत. जाऊन लाकडांच्या ढिगावर बसले.

मला फक्त एक कळत नाही, त्यांनी एवढा खटाटोप केला कशाला? घरातली वाकडी वस्तू त्यांना बघवत नाही, तेच असेल. दाराची बिजागरी कुरकुरली तरी रात्री झोप लागत नाही त्यांना.

१४ सप्टेंबर, गुरुवार

टपाल द्यायला गेले तेव्हा वर्नरच्या दारापर्यंत गेले. पेटीत टाकून पळाले नाही. म्हटलं, "माझं चुकलं. तुम्ही नव्हता. मी सगळ्यांसमोर बोलले, तशी माफीपण सगळ्यांसमोर मागेन."

"नको, ठीक आहे वहिनी," म्हणाला. टपाल घेतलं, दार लावलं.

एकही टोमणा नाही. वर्नर चेष्टा करत नाही म्हणजे खरंच लागलंय. येताना गाडीत रडले.

सासऱ्यांना डॉक्टरकडे नेलं. तुटलं नाहीये, सुजलंय. हात झोळीत बांधून दिलाय. डॉक्टरांनी विचारलं कशामुळे झालं, तर म्हणाले, "हवा."

१८ सप्टेंबर, सोमवार

आता खरी पंचाईत. साइट सहा दिवस जागची हललेली नाही, आणि तरी पाचांतला एक बाण उनाडतोच. कधी वर, कधी बाजूला. आता दोष द्यायला कोणी उरलं नाही. अडीच आठवडे मी पिनेमागे होते, त्यामुळे स्वतःचं काही दिसलंच नाही. एक बाण बाहेर म्हणजे सगळं गेलं. चूल, पॅनकेक आणि जन्मभर वर्नरचा तो चेहरा.

सासरे झोळीतला हात घेऊन लाकडांवर बसतात. मला मारताना बघत राहतात. मला त्यांचं ते बसणं डोक्यावरच्या ओझ्यासारखं होतं. पण उठा कसं म्हणणार?

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज एकदम बोलले. "डोकं उचलतेस."

"कधी?"

"सोडायच्या आधी. बाण कुठे जातो ते बघायला."

मी म्हटलं छे, काहीतरीच. मग सावकाश मारून बघितलं, आणि खरंच! दोरी सुटायच्या क्षणी माझं डोकं चकतीमागून बाहेर डोकावतं. मला धीरच निघत नाही. कुठे गेला, कुठे गेला! शाळेत गणिताचं उत्तर आधी मागच्या पानावर बघायचे तीच खोड.

"मग काय करू?"

"ऐक. आधी लागल्याचा आवाज ऐक. मग बघ."

लागल्याचा आवाज ऐकेपर्यंत पिनेवरून नजर हलवायची नाही. ऐकायला किती सोपं! मी दात-ओठ खाऊन तसेच मारले. पाच आवाज. मग बघितलं. पाचही एका ताटलीत बसतील असे.

सासरे उठले, म्हणाले, "कॉफी," आणि घरात गेले. कॉफी त्यांनीच केली होती. डाव्या हाताने. अर्धी भुकटी ओट्यावर. मी पुसून घेतली.

२४ सप्टेंबर, रविवार

लिहायला बसलेय, पण कुठून सुरू करू?

सगळे आमच्याच परसात जमले. सरोवरावरून वारा. रेनोने मारली, पाच. वर्नरने मारली, पाच, आणि शेवटच्याला वळून बायकोला मुका दिला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. सासरे झोळी बांधून लाकडांवर. नियमाप्रमाणे ताटलीपाशी जाऊन निकाल सांगायचा मान गेल्या वर्षीच्या पहिल्या नंबराचा. म्हणजे वर्नरचा. मला हे सकाळपर्यंत आठवलंच नव्हतं.

मारायच्या आधी मी सगळ्यांकडे तोंड केलं आणि म्हटलं, "गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी मी वर्नरवर खोटा आळ घेतला. त्याने काही केलं नव्हतं. माझी चूक." वर्नर बुटाने गवत उकरत राहिला. सासरे तोंड उघडणार होते, मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प बसले.

मग धनुष्य उचललं. ठिपका बघितला, लाल. आवाज येईपर्यंत बघायचं नाही.

ठण्ण. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. पत्र्याचा आवाज किती गोड असतो!

पाचव्याला वारा आला. मी थांबले, दोरी सैल केली, पुन्हा ओढली. आणि तेवढ्यात मनात आलं, चार झाले! बस, एवढंच मनात आलं, आणि डोकं केसभर हललं. मला कळलं. आवाजही वेगळा आला, ठण्ण नाही, कर्र.

वर्नर चालत गेला. ताटलीपाशी वाकला. मग गुडघ्यावर बसला. मग चष्मा काढून पुसला. इथून काही दिसत नव्हतं. मी त्याला काय काय बोलले होते ते सगळं मला त्या वेळात एकेक शब्दाने आठवलं. तो नुसता "बाहेर" म्हणाला असता तरी कोणी उठून तपासलं नसतं.

"कड कापलीय," तो ओरडला. "पत्रा फाटलाय. आत आहे!" मग उभा राहिला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "हा पाचवा बाण, वहिनी, कॉफी प्यायलाच निघाला होता, मी ताटलीला धरून ठेवला म्हणून!"

मी हसले की रडले मला माहीत नाही. त्याच्या बायकोने सांगितलं, दोन्ही.

वेलचीचा पाव कापला, कॉफी झाली. आणि मग रेनोने तो प्रश्न विचारला जो कोणीच विचारला नव्हता. "मग यंदा कॅम्पवर रांधणार कोण?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, झालं, आता म्हणतील की हेल्वी सकाळचं करून मग मचाणावर जाईल. मी स्वतःच म्हणणार होते, तोंडापर्यंत आलं होतं.

"ज्याने ताटली मारली नाही त्याने," सासरे म्हणाले. "मी मारली नाही."

"बाबा, काहीतरीच काय!" रेनो म्हणाला. "तुमचा खांदा—"

"डाव्या हाताने ढवळता येतं."

मी म्हटलं, "अहो पण तुम्ही कधी अंडंसुद्धा—"

"नियम माझा आहे," म्हणाले, आणि पावाला लोणी लावायला लागले. डाव्या हाताने, वाकडंतिकडं. कोणी मदत केली नाही. कोणाची हिंमत झाली नाही.

१ ऑक्टोबर, रविवार, कॅम्प

मचाणावर बसले. अंधारात गेले, उजाडताना बघितलं. ते कसं होतं ते मी लिहिणार नाही, माझ्यापाशीच ठेवते. एक हरिणी आली, तीस यार्डांच्या बरीच पलीकडे थांबली, शेपूट हलवली आणि गेली. मी पिन तिच्यावर ठेवलीच नाही. काही मारलं नाही आणि मला इतका आनंद झालाय की वेड्यासारखं वाटतंय.

दुपारी कॅम्पवर परतले तर धुराड्यातून धूर, दारात मुस्ती, आत सासरे. पोटाला माझा एप्रन, मागे रेनोने बांधून दिलेली गाठ. ओट्यावर, जमिनीवर, बहुतेक छतावरसुद्धा वाटाणे. वाटाण्याचं सूप केलं होतं, सकाळी चारपासून चुलीवर. चौघांच्या वाट्या त्यांनी एकेक करून डाव्या हाताने आणून ठेवल्या आणि उभेच राहिले.

आम्ही खायला लागलो. सुपात मीठ नव्हतं. म्हणजे अजिबात नव्हतं. रेनोने माझ्याकडे बघितलं, मी वर्नरकडे बघितलं. सासरे लाकडं आणायला बाहेर गेले, तेवढ्यात रेनो कुजबुजला, "अगं, पटकन टाक ना पातेल्यात. त्यांना कळणार नाही."

मी उठलेपण. मिठाचा डबा हातात घेतलापण. चुलीपाशी उभी राहिले, आणि टाकवेना. डबा परत ठेवून येऊन बसले.

ते आत आले, लाकडं ठेवली. मी म्हटलं, "बाबा, मीठ कमी आहे."

त्यांनी पातेल्यातलं चमचाभर चाखलं. विचार केला. पुन्हा चाखलं.

"मला बरोबर लागतंय," म्हणाले.

मग डबा उचलून आणला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. "ज्याचं त्याने घ्या."

मी घेतलं. वर्नरने माझ्या दुप्पट घेतलं, चाखलं आणि आणखी घेतलं. सासरे आमच्यात येऊन बसले आणि त्यांनी स्वतःच्या वाटीत काहीच न घालता सगळं सूप संपवलं.